कोकिळाची तर्री

१३ जानेवारी, मंगळवार

तीनशे एकाहत्तर! दोनशेच्या आत पाहिजे म्हणे.

मी डॉक्टरीणबाईला तोंडावर सांगितलं — कागद बदलला. हा आमच्या भट्टीच्या मालकाचा असेल, त्याचं पोट बघा एकदा. माझं वजन शेहेचाळीस किलो. फैजपूरला दिवसभर केळीचे वेफर्स तळते. तेलाचा वास नाकात इतका बसतो की घरी डाळीला फोडणीसुद्धा नको वाटते. माझ्या रक्तात चरबी कुठून येणार?

ती हसली नाही. उठून माझ्याजवळ आली. पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळट डाग आहेत माझ्या, ते निरखून पाहिले. मग म्हणे चप्पल काढा. टाचेच्या वरची शीर दाबली. माझी दोरखंडासारखी जाड आहे. मला वाटायचं भट्टीसमोर उभं राहून झाली.

'आईची अशी होती का?'

होती. आईची पण, युवराजची पण.

'आई कशानं गेल्या?'

बसल्या बसल्या. भांडी घासत होती. पन्नास पण नव्हतं वय.

'आणि भाऊ?'

चव्वेचाळीस. वायरमन होता. खांबावरून उतरला, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत गेला. सव्वा वर्ष झालं.

मग म्हणाली, 'लिलाबाई, हे तेलाचं नाही. हे घराण्यातलं आहे, आईकडून आलेलं. तुमच्या शरीराला ही चरबी जन्मापासून साफच करता येत नाही. तेल-तूप कमी करायचंच, पण नुसत्या पथ्यानं हे उतरणार नाही. गोळी रोज. कायमची. रिपोर्ट चांगला आला तरी बंद करायची नाही.' आणि दारापर्यंत आली माझ्यामागे — 'मुलीचं रक्त तपासा. भावाच्या मुलांचं पण. दोघांत एकाला तरी निघतं बहुतेक. लवकर कळलं तर गोळीवर माणूस म्हातारा होतो.'

रोज काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं. मी चौथी पास. लेकीच्या, पुनमच्या कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहिते.

बसमध्ये जळगाव ते फैजपूर एकच वाक्य डोक्यात. हे तेलाचं नाही. हे तेलाचं नाही!

१४ जानेवारी

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दोन. भरीत — तेल एक चमचा, मोजून. तीळ चालतात का विचारायचं राहिलं.

पुनमला नेऊन रक्त दिलं. भट्टीवर खाडा केला. मालक ओरडला, ओरडू दे.

१५ जानेवारी

पुनमचं एकशे बासष्ट. माझी पोर सुटली!

सगळ्या गल्लीला सांगत सुटले. मग पाणी प्यायला बसले आणि समीक्षा आठवली. युवराजची थोरली. एकोणीस वर्षांची, धुळ्याला शिकते. तोंड बापाचं, हात बापाचे.

कळवायला पाहिजे सोनगीरला, युवराजच्या घरी. उद्या.

१७ जानेवारी

नाही कळवलं. का नाही कळवलं ते लिहूनच टाकते, म्हणजे पोटातून जाईल. डॉक्टरीणबाईला दाखवायला दुसरी वही घेते. ही माझ्यापाशीच राहील.

युवराज गेल्यावर त्याचं पुण्यानुमोदन होतं. विहारासमोर मंडप टाकलेला, अडीचशे माणूस. वंदना झाली, मग एकेकानं माइकवर दोन शब्द बोलायचे असतात. साहेब बोलले, शाळेचे सर बोलले — मनमिळाऊ होता, लाइटीचं काम कधी अडवलं नाही. सगळं गोड गोड. माझं डोकं फिरलं. माणूस चव्वेचाळीसाव्या वर्षी मरतो आणि कोणी विचारत नाही का मेला! मी उठले. कोणी बोलावलं नव्हतं. माइक घेतला.

काय बोलले ते अक्षर न अक्षर आठवतं. 'माझा भाऊ असातसा नाही मेला. त्याला घरात मारलं. ह्या कोकिळाच्या तर्रीनं मारलं! ताटात बोटभर तेल तरंगायचं. मी हजारदा सांगितलं, ऐकलं नाही. आता बसा रडत.'

दोन खांबांवर दोन भोंगे. पार हायवेपर्यंत गेलं असेल.

कोकिळा समोरच बसलेली. माझी भावजय. वीस वर्षं ह्या घरात वावरलेली. मांडीवर समीक्षाचं डोकं, पाठीला टेकून धाकटा धम्मपाल. तिनं एकदा वर बघितलं. माझ्याकडे. मग खाली. भंतेजी खाकरले. कोणीतरी म्हणालं, 'बस आता, लिलाअक्का.' मी खाली बसले ती ताठ. मला वाटलं भावासाठी मीच एकटी बोलले.

कोकिळा डबे द्यायची. तिची शेवभाजी नावाजलेली. शाळेचे सर, टोलनाक्यावरची माणसं, सगळे तिचाच डबा खायचे. माइकनंतर गावात नाव पडलं — तर्रीवाली. नवऱ्याला खाल्लं, आता आपल्याला खायला बसली. एकेक डबा बंद झाला. हे समीक्षानं पुनमला सांगितलं, पुनमनं मला.

मी म्हणाले होते, 'बरं झालं.'

१८ जानेवारी

दोन भाकरी, मेथी, ताक. फोन नाही केला.

२१ जानेवारी

पुनमचे पप्पा केळी भरायला रावेरला गेले होते, आज आले. जेवायला बसलो तर माझ्या चमच्याकडे बघून हसायला लागले.

'जन्मभर मला म्हणत आली — भजे खाऊन मराल. माझं रक्त एकशे सत्तर! आता कोणाला म्हणशील?'

मी म्हटलं गप जेवा.

मग हसणं बंद. 'सोनगीरला कळवलं का?'

'कळवते.'

'कधी? पोरगी तुझ्या भावाची आहे की शेजाऱ्याची?'

'भट्टीवर सुट्टी नाही.'

'पुनमला न्यायला बरी मिळाली सुट्टी.'

ताट सरकवून उठले मी. खोटं काय बोलले ते? काहीच नाही.

२४ जानेवारी

दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या संपल्या. इथल्या मेडिकलमधून पुढच्या आणल्या. पोरगा म्हणाला, 'मावशी, गोळी तीच, कंपनी वेगळी.' घरी येऊन पाकिटातून पट्टी काढली. चंदेरी पट्टी, मागून लाल तिरक्या रेघा. 

ही पट्टी मी पाहिलेली आहे.

आज नाही लिहीत.

२५ जानेवारी

काल पट्टीचं लिहिलं नाही. रात्री गोळी घेताना हात थांबला. पण घेतली.

२६ जानेवारी

लिहिते.

युवराज जायच्या आदल्या वर्षी, चौदा एप्रिलला, जयंतीला मी माहेरी सोनगीरला गेले होते. निळा झेंडा दारावर, पोरं मिरवणुकीला गेलेली. सुईदोरा हवा होता म्हणून टीव्हीवरचा डबा उघडला. त्यात ह्या पट्ट्या. लाल तिरक्या रेघा.

'कोणाच्या रे?'

'माझ्या, अक्का. ऑफिसची तपासणी झाली, कोलेस्टेरॉल निघालं. आठ महिने झाले घेतो. उतरलं बी आता.'

'उतरलं ना? मग कशाला खातो? बेचाळीस वर्षांचा घोडा आणि म्हाताऱ्यासारख्या गोळ्या! गोळी म्हणजे सवत असते. एकदा घरात घुसली की निघत नाही. बायकोला सांग तेल कमी घाल.'

तो हसत होता. म्हणाला, डॉक्टर रागावतील. मी पट्ट्या उचलल्या आणि मागच्या चुलीत टाकल्या, पाण्याचं आंधण ठेवलेलं होतं त्याखाली. प्लॅस्टिकचा वास सुटला. त्याचा हात धरला, माझ्या डोक्यावर ठेवला. 'माझी शपथ घे. परत ह्या गोळ्या आणशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.'

घेतली त्यानं शपथ. आई गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याला मीच वाढवला, लग्न मीच केलं. तो जगात कोणाचं ऐकायचा नाही, माझं ऐकायचा. मी हे मिरवायची! मग दर महिन्याला लसणाची, जवसाची चटणी बरणी भरून पाठवत राहिले. सगळं साफ करते म्हणून.

दीड वर्ष पाळली शपथ. मग खांबावरून उतरला.

आणि मी माइकवर काय बोलले? हजारदा सांगितलं, ऐकलं नाही.

ऐकलं होतं. तेच तर केलं त्यानं!

कोकिळा त्या दिवशी आत भांडी घासत होती. नळ चालू होता. तिनं ऐकलं नसेल.

२७ जानेवारी

काही खाल्लं नाही. तेही लिहायचं असतं का?

२९ जानेवारी

सकाळी भट्टीवर जायच्या आधी समीक्षाला फोन लावला. ठरवलं होतं सगळं सांगायचं. तिनं उचलला आणि माझ्या तोंडातून निघालं —

'तुझी टाच कशी आहे?'

'टाच? आत्या, बरी आहेस ना?'

'टाचेच्या वरची शीर दाबून बघ. आत्ता.'

हसत होती. मैत्रिणीला सांगत होती, माझी आत्या येडी आहे. मग म्हणाली, 'जाड आहे. पप्पांसारखी. का गं?'

'काही नाही.' फोन ठेवला.

दिवसभर किसणी कढईवर धरून चकत्या पाडत होते. हातावर तेल उडालं, कळलं पण नाही. कमलबाई शेजारच्या भट्टीवरून ओरडली, 'लिला, वेफर्स काळे पडले बघ, कोणाच्या चितेवर लक्ष आहे?' 

रविवारी जाते. पुनमच्या पप्पांना सांगितलं. म्हणाले, 'मी येऊ?' नको म्हटलं. माइकवर बोलायला गेले होते तेव्हा एकटीच गेले होते.

१ फेब्रुवारी, रविवार

आत्ता सोनगीरहून धुळ्याला आले, नात्यातल्या एकांकडे उतरले, उद्या पहिल्या बसनं निघायचं. विसरायच्या आत लिहिते.

दुपारी पोचले. कोकिळानं दार उघडलं. सव्वा वर्षानं बघितलं तिला. केस पांढरे झाले की! 'या अक्का' म्हणाली. पाणी दिलं. जेवायला वाढलं. नुसतं शिजवलेलं वरण, भात, काकडी. वरणावर तेलाचा एक ठिपका नाही.

धम्मपाल चौदाचा झाला, मिशी फुटायला लागली. मला म्हणतो, 'आमच्याकडे दवाखान्याचं जेवण भेटतं, आत्या. तू सांगितलं होतं ना.'

'चूप रे,' कोकिळा म्हणाली.

ताटावरच सांगितलं. मला सावकाश बोलता येत नाही. पिशवीतून रिपोर्ट काढला, तिच्यासमोर ठेवला. 'हे माझं रक्त आहे. मी थेंबभर तेल खात नाही तरी तीनशे एकाहत्तर. आईला होतं, युवराजला होतं. आमच्या घराण्यातलं आहे. तुझ्या तर्रीचं नाही. समीक्षाची टाच जाड आहे, मी फोनवर विचारलं. दोघांचं रक्त तपास. मला तेरा तारखेला कळलं. आज एक तारीख. पुनमला दुसऱ्याच दिवशी नेलं आणि तुला एकोणीस दिवस सांगितलं नाही. लाज वाटत होती.'

कोकिळानं कागद उलटा धरला होता. सुलटा केला. बराच वेळ बघत राहिली. वाचता येतं तिला, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे.

'पोरं वाचतीन ना, अक्का?'

'वाचतील. गोळी रोज घेतली तर वाचतात.'

'उद्याच धम्मपालले लई जास धुळ्याले, समीक्षा तठेच शे.' बस, एवढंच. ना रडली, ना भांडली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, 'कोकिळा, माझं चुकलं.'

ती ताट उचलत होती. 'माझ्यापाशी नका म्हणू. मी तर तिथंच बसलेली होती. ज्यायनी ऐकं त्यायले सांगा.' मग ताट मोरीत ठेवून, 'आज माघ पौर्णिमा शे. विहारात बठ्ठा गाव येईन.'

वंदना झाली. तोच विहार, तोच माइक. शाळेचे सर समोर, टोलनाक्यावरचे दोघे. मी उठले. ह्या वेळी खुर्ची धरून उभी राहिले. 

'मी लिला, युवराजची बहीण. मागच्या वेळी इथं बोलले ते खोटं होतं. माझा भाऊ तर्रीनं नाही मेला. आमच्या माहेरच्या रक्तात दुखणं आहे, मला पण निघालं. कोकिळाचा काही गुन्हा नाही. मी तिला तुमच्या सगळ्यांसमोर बोलले, तर माफी पण तुमच्या सगळ्यांसमोर मागते.'

भोंगा कुईं करून ओरडला. मग मागून एक म्हातारे नाना म्हणाले, 'आणि आम्ही डबे बंद केले त्याचं काय?'

'मग चालू करा! मला काय विचारता? पण तेल कमीचा मागा, नाना. तुमचं पण वय झालं.'

हसले लोक. हसताना मला कोकिळा दिसली नाही, ती बायकांच्या मागे बसलेली होती.

हसले, म्हणून मी खाली बसले. खरं तर अजून एक वाक्य होतं माझ्यापाशी. गोळ्यांचं. चुलीचं. तोंडापर्यंत आलं होतं. लोक हसले आणि मला सुटका मिळाली, आणि मी घेतली.

अर्धंच सांगितलं. माफी मागतानाही लबाडी!

३ फेब्रुवारी

नाचणीची भाकरी. फरसबी. तेल एक चमचा. कोकिळानं धम्मपालला धुळ्याला नेलं, तिथं समीक्षाचं पण रक्त दिलं म्हणून पुनम सांगत होती.

६ फेब्रुवारी

धम्मपाल चांगला. समीक्षा तीनशे अडतीस.

एकोणीस वर्षांची पोर.

तिथल्या डॉक्टरनं छातीचा कागद काढला, अजून काही बिघडलेलं नाही म्हणे. गोळी सुरू केली. लग्न झाल्यावर मूल हवं असेल तेव्हा आधी मला येऊन सांग, तेवढ्यापुरती बंद करू, असंही तिला समजावलं. बाकी रोज.

मी वहीला हात लावून बसले नुसती. वीस वर्षं लवकर कळलं. युवराजला पण कळलं होतं.

११ फेब्रुवारी

समीक्षाचा फोन. गोळी सोडली तिनं! पाच दिवस घेतली आणि सोडली.

'पाय दुखल्यासारखे वाटतात, आत्या.'

'डॉक्टरला सांग, बदलून देतात. सोडायची नाही.'

'आणि मी काय म्हातारी आहे? हॉस्टेलमध्ये पोरी हसतात. आणि एकदा चालू केली की जन्मभर सुटत नाही ना ती. पप्पा म्हणायचे — गोळी म्हणजे सवत, घुसली की निघत नाही.'

'घे बाई' एवढंच म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. माझंच वाक्य बापाच्या तोंडून पोरीपर्यंत गेलं, आता मी ते परत कुठल्या तोंडानं मागू?

१२ फेब्रुवारी

माझी गोळी घेतली. भाकरी, वांगं.

१४ फेब्रुवारी

परत फोन केला. उचलला नाही. पुनमनं केला. म्हणे 'घेते घेते'. घेत नाहीये.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कोकिळाचा फोन आला. सव्वा वर्षात पहिल्यांदा तिनं आपणहून केला. मागे फोडणीचा आवाज येत होता, दोन डबे सुरू झाले म्हणे.

'समीक्षा मन्हं ऐकत नही, अक्का. तुम्ही या. तिचा हात तुमच्या डोक्यावर ठेवा, अन् शपथ घाला — गोळी चुकवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. तिच्या बापानं पाळली. ती बी पाळेल.'